दगड ते दगड

मोनालीच्या सरावाचं स्टॉपवॉच मी धरत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून कोणी विचारलं तर मी गोष्ट वाघाकडे वळवीन. वाघाची गोष्ट माझ्याजवळ तयारच असते. झरीच्या जंगलात एका वाघानं मला विडी मागितली, माझ्याजवळ विडी होती पण माचिस नव्हती, तर तो तोंड वाकडं करून निघून गेला. घाटंजीच्या बाजारात ही गोष्ट निम्म्या लोकांना पाठ आहे. विश्वास मात्र एकाचाही नाही.

मोनाली आमच्या शेजारची. वय बावीस. मला आबाजी म्हणते, माझ्या बायकोला, इंदूबाईला, आजी. दोन वर्षांपूर्वी तिनं मोबाईलवर एक शर्यत पाहिली आणि तिचं डोकं फिरलं. एक किलोमीटर पळायचं, मग एक कष्टाचं काम. पुन्हा एक किलोमीटर, पुन्हा दुसरं काम. असं आठ वेळा. कामं म्हणजे वजन लादलेली घसरगाडी ढकलणं, तीच दोरीनं ओढणं, दोन हातांत दोन वजनं घेऊन चालणं, वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन गुडघा टेकत टेकत जाणं, शेवटी भिंतीवर जड चेंडू फेकणं. हायब्रीड फिटनेस रेस म्हणतात त्याला.

"हायब्रीड तं कापसाचं बियाणं असते, पोरी," मी म्हटलं. "आन् हे कामं तं आमी रस्त्याच्या गँगवर रोजच करत होतो. टाळ्या वाजवाले कोणी नव्हतं, येवढाच फरक."

"मंग तुमीच शिकवा न आबाजी."

तिनं हे थट्टेत म्हटलं. मी मनावर घेतलं.

नागपूरच्या एका प्रशिक्षण केंद्रानं जाहीर केलं होतं की नव्वद मिनिटांच्या आत शर्यत पुरी करणाऱ्या मुलीला वर्षभर तिथं राहून शिकता येईल, आणि पुढं तिथंच शिकवायचं कामही मिळेल. मोनालीला तेवढंच पाहिजे होतं. दुसरं काही ती बोलतच नव्हती. आठांपैकी दोन कामांना लागणारी यंत्रं गावात नव्हती, त्यासाठी ती महिन्यातून दोनदा यवतमाळच्या जिममध्ये जायची. बाकी सगळं गावात. पत्र्याच्या घसरगाडीवर सिमेंटची पोती, हातांत पाण्यानं भरलेल्या कॅनी, समाजमंदिराची मागची भिंत. आणि पळायला घाटंजीचा रस्ता.

"सपाट जागा सांगा आबाजी, मोजलेली."

मी तिला दोन दगडांमधला रस्ता दाखवला. एक पुलाजवळचा किलोमीटरचा दगड, दुसरा पळसाच्या वळणावरचा. "दगड ते दगड. पुरा एक किलोमीटर," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी ती पाच मिनिटं पन्नास सेकंदांत आली. चेहरा असा फुलला की विचारू नका. आठ महिन्यांत ती आठही फेऱ्या पाच-पाच मिनिटांत मारू लागली. म्हणजे पळण्याचे चाळीस, कामांचे अठ्ठेचाळीस, एकूण अठ्ठ्याऐंशी. चहाच्या टपरीवर मी बसलो की लोक म्हणत, "श्रावणबुढा, आज किती?" मी स्टॉपवॉचच पुढं करायचो. चाळीस वर्षं मी गोष्टी सांगितल्या आणि लोक हसले. आता मी आकडा सांगत होतो आणि लोक मान डोलवत होते.

मध्येच एकदा मोनाली म्हणाली, "आबाजी, मोबाईल तं आठशे साठच मीटर दाखवून राह्यला."

"मोबाईलले काय समजते? इथं टावर हाये का? दगड सरकारी हाये, बाई. दगड कायले खोटं बोलन?"

तिनं मोबाईल खिशात टाकला आणि पुन्हा पळाली.

नोव्हेंबरच्या शेवटी नागपूरला शर्यत झाली. मी गेलो नव्हतो. टपरीवर बसून फोनची वाट पाहिली. फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीतून उतरली आणि माझ्या घरावरून गेली ती मान खाली घालून. सत्त्याण्णव मिनिटं चाळीस सेकंद.

रविवारी सकाळी तिचा मोठा भाऊ धम्मरत्न आला. तो वणीला शाळेत गणित शिकवतो. आमच्या अंगणात बाज टाकली, त्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. धावणाऱ्यांच्या पायाला चिप बांधतात, त्यामुळं प्रत्येक किलोमीटरचा आणि प्रत्येक कामाचा वेळ वेगळा कळतो. एका बाजूला ते आकडे, दुसऱ्या बाजूला माझ्या वहीतले घरचे आकडे.

"जय भीम, आबाजी. बसा. तुमची वही लागन," धम्मरत्न म्हणाला.

मी बसलो. मोनाली जमिनीवर, गुडघ्याला हातांचा वेढा घालून.

"मी सांगू काय झालं ते?" मी म्हटलं. "बूट. नवे बूट घालून कोणी जाते का?"

"जुनेच होते," मोनाली म्हणाली.

"मंग तिथला गालिचा. गालिच्यावर गाडी सरकत नाही."

"गाडी चांगली सरकली, आबाजी," धम्मरत्न म्हणाला. "हे पाहा. आठही कामं मिळून अठ्ठेचाळीस मिनिटं दहा सेकंद. घरच्यापेक्षा फक्त दहा सेकंद जास्त. कामांत ही पोरगी कुठंच कमी पडली नाही. पोतं तं घरच्याहून लवकर झालं."

मोनालीनं मान वर केली. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं असावं.

"मंग साडेनऊ मिनिटं गेले कुठं?"

"पळण्यात. सगळेच्या सगळे." त्यानं बोट ठेवत एकेक वाचला. पहिला किलोमीटर पाच मिनिटं सहा सेकंद. दुसरा पाच एकवीस. तिसरा पाच अठ्ठेचाळीस. मग सहा नऊ, सहा चोवीस, सहा चाळीस. सातवा सात मिनिटं पाच सेकंद. शेवटचा सहा सत्तावन्न. "पाह्यलं? दर फेरीले घसरत गेली. सुरुवातीलेच जास्त जोरात पळाली की असं होते."

"जोरात कायची?" मोनाली चिडली. "पाच मिनिटं सहा म्हंजे माह्या रोजच्यापेक्षा हळूच की. आन् दादा, खरं सांगू? पहिल्याच किलोमीटरले छाती फुटाले आली होती. घड्याळ पाह्यलं तं मी मांगं. म्हनून अजून रेटलं. मले वाटलं, आज आपल्याले काय झालं?"

धम्मरत्ननं माझी वही जवळ ओढली. गणिताच्या मास्तरनं वही जवळ ओढणं वाईट.

"घरी आठ फेऱ्या पाच-पाच मिनिटांत. तिथं पहिलीच पाच मिनिटं सहामध्ये, आन् छाती फुटाले आली." तो माझ्याकडे नाही, वहीकडे पाहत होता. "मोने, तू पळते कुठं?"

"दगड ते दगड."

"मोजलं कधी?"

"मोबाईल आठशे साठ दाखवते. पण इथं टावर नाही न. आबाजी म्हनाले, दगड सरकारी हाये."

"असं बी असू शकते," मी घाईनं म्हटलं, "की नागपूरवाल्यांनीच किलोमीटर लांब केला असन. शहरातले लोक. त्यायचं काय सांगावं!"

धम्मरत्न हसला. मोनाली हसली नाही. ती माझ्याकडे पाहायला लागली. तेवढ्यात इंदूबाई चहा घेऊन बाहेर आली. तिनं आतून दगडाचं तेवढंच ऐकलं होतं.

"कोणता दगड? पळसाच्या वळणावरचा का?" ती म्हणाली. "बाप्पा, तो तं यायनंच रोवला. गँगवर होते तवा. जिथं रोवायचा तिथं खाली काळा पत्थर लागला, सब्बल तुटली, मंग अलीकडंच रोवून घरी आलते. वरून मले म्हनते, आज सरकारचा रस्ता लहान करून आलो!" ती स्वतःच हसली, कप वाटले, आणि मग तिच्या लक्षात आलं की कोणीच हसत नाही. ती आत गेली.

ते खरं होतं. पस्तीस वर्षांपूर्वीचा मे महिना. मुकादम उत्तमसिंग म्हणाला होता, "रोव कुठंबी, श्रावण्या. किलोमीटर कोनाच्या बापाचा हाये?" मी दीडेकशे पावलं अलीकडे आलो, तिथं माती मऊ होती. मागचा किलोमीटर लहान झाला, पुढचा मोठा. एसटी चालली, बैलगाड्या चालल्या, कोणाचं काही बिघडलं नाही.

"आबाजी," मोनाली म्हणाली. "तुमाले मालूम होतं?"

मी तोंड उघडलं. त्या दगडाची एक चांगली गोष्ट माझ्याजवळ होती, त्यात साप होता, इंजिनिअर होता आणि इंजिनिअरची टोपी होती.

"गोष्ट नका सांगू," ती म्हणाली. "हो का नाही, येवढंच."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवशी वाटलं, सांगीन उद्या. तू एवढी खुश होती. मंग टपरीवर सांगून बसलो. मंग..."

"मी मोबाईल दाखवला होता तुमाले."

"हो."

"मी तुमाले विचारलं होतं, आबाजी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं झालं असतं. "मोबाईल खोटा म्हटलं मी. मशीन खोटी, तुमी खरे."

धम्मरत्ननं मध्येच आकडे मांडायला सुरुवात केली. असे लोक दुःखात आकडे मांडतात. आठशे साठ मीटर पाच मिनिटांत म्हणजे खरा किलोमीटर पाच मिनिटं एकोणपन्नासमध्ये. आठ फेऱ्यांचे साडेसेहेचाळीस. त्यात कामं धरली तर सगळं नीट सांभाळून पळाली असती तरी चौऱ्याण्णव मिनिटं चाळीस सेकंद.

"म्हंजे नव्वदच्या आत मी कधी नव्हतीच," मोनाली म्हणाली. "एक दिवसबी नाही."

"नव्हती. पण आता कुठं उभी हाये ते समजलं. फेब्रुवारीत दुसरी शर्यत हाये, तीच शेवटची संधी. दहा आठवडे. किलोमीटर पाच पंधरावर आणला आन् कामांत एक मिनिट काढलं, तं एकोणनव्वद येते. सुरुवात मात्र हळू कराची. पहिले दोन किलोमीटर पाच वीसच्या वर गेले तरी चालन, खाली नाही."

"किलोमीटरमांगं चौतीस सेकंद," ती म्हणाली. "दहा आठवड्यांत."

"कठीण हाये."

"मालूम हाये मले." तिनं माझी वही उचलली, पानं चाळली, एकेका पानावर माझ्या हातचे पाच, पाच, पाच. मग तिनं ती बंद करून बाजेवर ठेवली. फाडली नाही, फेकली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं बहीणभाऊ पन्नास मीटरची टेप घेऊन रस्त्यावर उतरले. मी बांधावरून पाहत होतो. पळसाच्या वळणावरून पुढं जाऊन त्यांनी डांबरावर चुन्याची रेघ ओढली. मोनाली पळाली. मी बोटांवर मोजत होतो, सवय जात नाही. धम्मरत्ननं ओरडून सांगितलं, "पाच बावन्न!" ती कमरेवर हात ठेवून वाकून उभी राहिली, बराच वेळ. मग पुन्हा रेघेवर आली.

मी खाली उतरलो. "धम्मरत्न उद्या वणीले जाईन," मी म्हटलं. "स्टॉपवॉच मी धरतो. रेघ तं आता खरीच हाये."

"नाही, आबाजी. मोबाईल धरन."

"मंग मी काय करू?"

ती श्वास घेत राहिली. नाही म्हणणार असंच मला वाटलं.

"पोतं फाटलं हाये. दुसरं भरून द्या, वाळूचं. दहा किलो."

मी नाल्यावर गेलो. वाळू चाळली, उन्हात पसरून वाळवली, ओल राहिली तर वजन खोटं येतं म्हणून. दुहेरी पोत्यात भरली, सुतळीनं तोंड शिवलं. किराणा दुकानाच्या काट्यावर आधी स्वतः तोलून पाहिलं. कधी नव्हे ते एक काम मी जसंच्या तसं केलं आणि संध्याकाळी तिच्या दारात नेऊन ठेवलं.

"बरोबर दहा हाये," मी म्हटलं.

"हो जी," ती म्हणाली. तिनं पोतं खांद्यावर घेतलं आणि माझ्यासमोरून त्याच दुकानाकडे चालत गेली. मी मागून गेलो. तिनं ते काट्यावर ठेवलं. दहा आलं. तिनं ते उचललं, काटा शून्यावर येऊ दिला, आणि पुन्हा ठेवलं.