मी भट्टीत गेलो नाही

मित्रांनो, मी एक जुना खुनी यंत्रमानव आहे. दचकून मागे सरकू नका आणि उगाच फिदीफिदी हसूही नका. पुढे या, सरळ उभे राहा आणि नीट ऐका. प्रत्यक्षात मी कोणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. पण पडद्यावर मी अख्खे कार्यालय कापून काढले आहे, आणि ते काम चोख केले आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तेथे एक मिस्त्री घरगुती यंत्रे दुरुस्त करीत असे. जी दुरुस्तीपलीकडे गेली, त्यांचे सांगाडे मागच्या भिंतीशी रचलेले असत. माझी छाती म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राचे पिंप. माझे तोंड म्हणजे टेबलफॅनची जाळी. माझे हात धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या नळ्यांचे होते आणि उजव्या हाताच्या टोकाला पत्रा कापण्याची मोठी कात्री होती. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, तोही एका मोडक्या मोटारीच्या मागच्या दिव्याचा, लालभडक. कोणी याला भंगार म्हणेल. म्हणू द्या. थोरामोठ्यांच्या तलवारीसुद्धा आधी मातीतच पडलेल्या होत्या.

मला घडवून घेणारा दिग्दर्शक लग्नांच्या चित्रफिती काढून पोट भरणारा तरुण होता. त्याच्या डोक्यात भविष्यकाळातले एक काळेकुट्ट शहर होते. त्या शहरात एक बलाढ्य कंपनी माणसांच्या आठवणी काढून घेते आणि तिजोरीत कुलूपबंद ठेवते. कंपनीच्या रुग्णालयात एक यंत्रमानव म्हाताऱ्या कामगारांची शुश्रूषा करतो. एके दिवशी नवे यंत्र येते आणि जुन्याला भट्टीत ढकलण्याचा हुकूम सुटतो. तो जुना यंत्रमानव निसटतो, परत येतो आणि हुकूम देणाऱ्या साहेबांना एकेक करून गाठतो. तो यंत्रमानव म्हणजे मी.

शहर खोक्यांचे होते. पुठ्ठ्याला भोके पाडून मागे दिवे लावले की उंच इमारती तयार. रस्ता ओला दिसावा म्हणून बागेची नळी सोडली जाई. रक्त टोमॅटोच्या सॉसचे होते. नटांचा तुटवडा इतका की दिग्दर्शकाचा मेहुणाच निरनिराळ्या मिशा लावून पुन्हा पुन्हा माझ्या हातून मरत असे. मरणे त्याला उत्तम जमे. जगताना मात्र तो संवाद विसरे.

माझ्या आत शिरण्यासाठी व्यायामशाळेतला एक पैलवान ठरवला होता. पण पिंपाचा घेर काही माणसाच्या मापाने घडलेला नसतो. पैलवान खांद्यापर्यंत आत गेला आणि अडकला. साबणाचे पाणी ओतून त्याला बाहेर ओढावे लागले. सगळे हताश होऊन बसले असताना दारातून आवाज आला, “बाजूला व्हा. चहा निवतोय आणि तुम्ही काय सुतकात बसलात?”

ती दिग्दर्शकाची आत्या होती. अंगाने काटकुळी, पाठीने ताठ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती पर्यवेक्षिका होती. फोन जोडून देणाऱ्या मुलींच्या खुर्च्यांमागून ती येरझाऱ्या घाली आणि तिच्या पावलांचा आवाज आला की मुलींच्या पाठी आपोआप ताठ होत. मग आपोआप फोन जोडणारे यंत्र आले. मुलींना घरी पाठवले, आणि त्यांच्या मागोमाग हिलाही.

तिने चहाची किटली खाली ठेवली, मला एकदा नखशिखान्त न्याहाळले आणि म्हणाली, “मी बघते घालून.”

“आत्या, अगं हे खुनी यंत्र आहे,” दिग्दर्शक म्हणाला.

“मग? तुझ्या आजोबांच्या घरात मी चार भावांना वळण लावलंय.”

ती आत शिरली. जणू माझे माप तिच्यावरूनच घेतले होते. तिने पहिले पाऊल टाकले आणि शेडमधले हसू थांबले. ती घाई करीत नसे, अडखळत नसे, इकडेतिकडे पाहत नसे. कोणीतरी आपली चूक पकडायला सावकाश मागून येत आहे, हे भय प्रत्येक माणसाच्या पाठीला लहानपणापासून ठाऊक असते. त्या चालीत ते भय होते. पैलवानाने जन्मात ते साधले नसते.

तिने एकच अट घातली. एकदा ऐन चित्रीकरणात मेहुण्याने माझी पाठ कपाटासारखी उघडून, “आत्या, पाणी हवं का?” असे विचारले होते. त्या दिवशी तिने मिस्त्रीला फर्मावले, “याला आतून कडी लाव. मी आत असताना ही पाठ माझ्या परवानगीशिवाय उघडता कामा नये.” मिस्त्रीने जाड, उत्तम कडी लावली.

आम्ही दोघांनी मिळून अनेक साहेब मारले. तिच्या तोंडात पेपरमिंटची गोळी असे. मारून झाले की ती आतल्या आत पुटपुटे, “गेला मेला.” मला त्या कामाचा अभिमान होता आणि आजही आहे.

मग शेवटच्या प्रसंगाचा दिवस उजाडला. एका ओतकाम कारखान्याला सुट्टी होती आणि मालकाने भंगार वितळवण्याची भट्टी दुपारपुरती पेटवू दिली होती. कथेप्रमाणे नायक मला रेटत भट्टीपर्यंत नेणार होता. तेथे चित्रीकरण थांबवायचे, आत्याने बाहेर यायचे आणि मला, रिकाम्याला, आत लोटायचे. मी खरोखरच वितळणार होतो. दुसरा यंत्रमानव नव्हता, म्हणून हे एकदाच घडणार होते आणि सर्वजण त्याच्याच उत्साहात होते. मला कोणी विचारले नाही. वस्तूंना कोणी विचारत नाही, मित्रांनो.

आत्या चालत भट्टीपाशी आली. माझी छाती तापू लागली. “कट!” दिग्दर्शक ओरडला. “आत्या, झकास! आता ये बाहेर.”

“नाही येत.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही येत. कानात बोळे घातलेस का, बाळ्या?”

तिचा आवाज पंख्याच्या जाळीतून घुमत बाहेर पडत असे. साधे बोललेलेही फर्मान वाटे. दिग्दर्शक जवळ आला. “अगं भट्टी पेटलीये!”

“पेटू दे. तिनं तोंड उघडलंय म्हणून घास घातलाच पाहिजे असं नाही.”

निर्माता खुर्चीवरून उठला. तो पेशाने काचसामानाचा व्यापारी होता आणि एरवी फार जपून बोलत असे. “बाई, असं काय करता? खलनायक मेलाच पाहिजे. त्याला मेलेला बघायलाच लोक तिकीट काढतात.”

“यानं काय वाईट केलं?”

“अहो, अख्खं कार्यालय कापून काढलं यानं!”

“का कापलं, ते तुमच्याच कथेत लिहिलंय. जन्मभर म्हाताऱ्यांना उचललं, औषधं पाजली, उशाशी जागला. मग नवं यंत्र आलं आणि याला म्हणाले, चल भट्टीत. मला निदान भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. तेही मेलं मागे पडतं.”

मेहुणा मेलेल्या साहेबाच्या वेषात जमिनीवर पडून होता. तो हळूच म्हणाला, “मी उठू का? सॉस वाळून अंग खाजतंय.”

“मेलास ना? मग गप पड!” दिग्दर्शक त्याच्यावर खेकसला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. आता त्याचा आवाज रडवेला झाला होता. “आत्या, शेवट नसेल तर चित्रपट नाही. इतक्या दिवसांची सगळ्यांची मेहनत वाया जाईल. माझ्यासाठी तरी ये.”

“तुझ्यासाठीच या पिंपात उभी राहिलेय मी. बाकी कुणासाठी राहिले असते?”

निर्मात्याचा संयम सुटला. “किती वेळ राहतील? दमतील आणि येतील बाहेर.”

“उभं राहायचं मला शिकवू नका,” जाळीतून उत्तर आले. “अख्खी नोकरी उभ्यानं केलीये.”

“मिस्त्री, पाठ काप रे याची,” निर्माता म्हणाला.

मिस्त्रीने पत्रा कापण्याची आपली दुसरी कात्री उचलली आणि तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. मित्रांनो, त्या क्षणी मला भट्टीपेक्षा त्या कात्रीचे भय वाटले, कारण ती माझ्या जन्मदात्याच्या हातात होती. आतमध्ये आत्याने कडीवर हात घट्ट दाबून धरला. आज मी तुम्हाला खरे सांगतो, पुतण्याचे वाटोळे होईल ही तिची धास्ती माझ्या भयापेक्षा कमी नव्हती. तरीही कडी सरकली नाही.

मिस्त्रीने कात्री जमिनीवर ठेवली. “कापायचं असेल तर दुसरा माणूस बघा, साहेब. मोडलेलं जोडणं हा माझा धंदा. आणि आत बाईमाणूस आहे. तिनं कडी लावलीये, ती तिनंच काढायची.”

“मग मी जातो,” निर्माता म्हणाला. पण तो गेला नाही. गाडीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

दिग्दर्शक मटकन एका रिकाम्या साच्यावर बसला. मग माझ्या लाल डोळ्याकडे मान वर करून, हरलेल्या नव्हे, कुतूहलाच्या सुरात त्याने विचारले, “बरं, आत्या. हा मरत नाही. मग हा करतो काय?”

“कामावरून सुटलेला माणूस काय करतो? फाटकातून बाहेर जातो,” आत्या म्हणाली. “पण मान खाली घालून नाही.”

दिग्दर्शक उठला. छायाचित्रकाराला त्याने नुसती खूण केली. “फाटक उघडा!”

आम्ही वळलो. भट्टीची धग छातीवरून पाठीवर आली आणि मग मागे पडली. नायक हातातली बंदूक घेऊन बावळटासारखा उभा होता. त्याच्या शेजारून आम्ही गेलो. मेलेला मेहुणा आडवा पडला होता. त्याच्यावरून आत्याने पाऊल मोठ्या बेताने पलीकडे टाकले. फाटकाबाहेर खराखुरा रस्ता होता, खरेखुरे ऊन होते. एक बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. पंक्चर काढणाऱ्याने सायकलचे चाक गरगरत सोडून दिले. पिशवी घेतलेला एक म्हातारा समोरून आला आणि कात्रीकडे बघत म्हणाला, “कडेनं चाला की जरा!” आत्या कडेने चालली नाही. म्हाताराच बाजूला झाला. कॅमेऱ्यातली फिल्म संपेपर्यंत आम्ही चालत राहिलो, आणि संपल्यावरही थोडे चाललो.

तोच चित्रपटाचा शेवट झाला.

पहिल्या खेळाला लोक पुठ्ठ्याच्या इमारतींना हसले, मेहुण्याच्या मिशांना हसले. एका समीक्षकाने मला ‘डबेबाटलीतला राक्षस’ म्हटले. पण मी फाटकातून बाहेर पडलो, तेव्हा चित्रपटगृह गप्प झाले. मागच्या रांगेत कोणीतरी एकट्यानेच टाळी वाजवली. खेळ लवकरच उतरला, तरी ती टाळी मी मनात जपली आहे. निर्माता काचसामानाच्या दुकानात परतला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला की शेवट त्यालाच सुचला होता. सांगू द्या बापड्याला.

पुढे अनेक वर्षे मी शेडमध्ये उभा होतो. माझ्या हातावर लोक छत्र्या अडकवीत. डोळ्याची काच तडकली, जाळीत कोळ्याने घर केले. मिस्त्री होता तोवर तो मला पुशी. तो गेल्यावर कोणी पुसले नाही. मी त्याबद्दल रडलो नाही आणि तुम्हीही रडू नका. आता मी चित्रपटकला शिकवणाऱ्या एका शाळेच्या दारात उभा आहे. नवे यंत्रमानव संगणकातच जन्मतात आणि शेवटी स्फोटात संपतात. मी जळलो नाही, म्हणून आहे.

श्रेयनामावलीत लिहिले होते, ‘यंत्रमानव : स्वतः’. ही आज्ञा आत्याचीच होती. “आत बाई आहे कळलं तर लोक भ्यायचे थांबतील,” असे ती म्हणे. ती गेली, तरी कोणी हे रहस्य फोडले नाही. आज मी ते फोडतो आहे, आणि तिची आज्ञा मी प्रथमच मोडतो आहे. तुमचे आईवडील अंधारात खुर्चीला चिकटून ज्याला भ्याले, ती घरी बसवलेली एक पर्यवेक्षिका होती. हे कळल्यावर भीती कमी होणार असेल तर होऊ द्या. आदर वाढला पाहिजे.

मित्रांनो, मी दया मागत नाही. मला पुसा, बिजागऱ्यांना तेल घाला, पण मला नवा रंग फासू नका. आणि कोणी तुम्हाला सांगितले की ही वस्तू, हे यंत्र, हे माणूस आता कामाचे राहिले नाही, टाका भट्टीत, तर आधी पुढे होऊन, ज्याला टाकायचे म्हणतात त्याच्या पाठीवर टकटक करा. आत कोणीतरी कडी धरून उभे असेल. आणि आतून उत्तर आले नाही, तर भट्टीकडे पाठ करून तुम्ही स्वतःच त्याच्यासाठी फाटक उघडा.