कंसाच्या आतलं वाक्य

गुरुवारी दुपारी भावजय एक्स-रेच्या खोलीत आली, तेव्हा फोटोबाईंनी तिलाही तेच विचारलं जे त्या दिवसभर प्रत्येक बाईला विचारत.

"दिवस गेलेत का? पाळी कधी आली होती?"

"ताई, मी आहे," भावजय म्हणाली.

"हो गं. विचारावं लागतं."

फोटोबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. एक्स-रेला सगळे फोटो म्हणतात, आणि तो काढणारी ती फोटोबाई. एकवीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर काढल्यावर मूळ नाव फक्त पगाराच्या पत्रकावर उरलं होतं.

त्यांनी भावजयीचा हात थंड काचेवर ठेवला, तळवा वर करून. एक समोरून, एक बाजूने. शिशाचा एप्रन तिच्या पोटावर बांधला, पडद्यामागे गेल्या, बटण दाबलं. स्क्रीनवर हाड उमटलं. कोपर आणि मनगट यांच्या बरोब्बर मधोमध, करंगळीच्या बाजूच्या हाडाला आडवी चीर.

"काय झालं?"

"जिन्यावरून पडले."

चिठ्ठीवरही तेच लिहिलं होतं.

आता हे बाईंना कुणी शिकवायला नको. नव्या मुली शिकायला आल्या की पहिल्याच आठवड्यात बाई त्यांना हे सांगत. पडणारं माणूस तळहात टेकतं, मग मोडतं ते मनगटाजवळ. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडतं ते कधी? कुणीतरी वरून मारायला आलं आणि आपण हात डोक्यावर आडवा धरला, तेव्हा. महिला मंडळातल्या बायकांपुढे तर त्यांनी फिल्म टांगून, काठीने दाखवून यावर तासभर भाषण दिलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

शिवाय त्या घराला जिना नव्हताच. ते बाईंच्या वडिलांचं घर. दारापुढे तीन पायऱ्या, त्यातली मधली लहानपणापासून हलती.

हे सगळं बाईंना कळलं. कळलं, आणि पुढे काहीच झालं नाही. लाखेचं सील लावावं तसं आत कुठेतरी काहीतरी बंद झालं. त्यांनी फिल्म पाकिटात घातली, पाकिटावर तारीख घातली आणि म्हणाल्या, "प्लास्टरवाल्याकडे जा. डाव्या हाताची खोली. पुढची!"

कारण भावजयीचा नवरा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, बाई एकोणीसच्या. त्याचं नाक पुसण्यापासून ते ऑर्गनवरची पहिली गत त्याच्या बोटांत बसवण्यापर्यंत सगळं बाईंनी केलं. लग्न राहिलं ते राहिलंच. मठात जाईन म्हणत होत्या, तेही राहिलं. आज तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि लोक म्हणायचे, काय हात आहे!

बाई स्वतः त्याच चर्चमध्ये दर रविवारी बायबलमधलं पहिलं किंवा दुसरं वाचन वाचत. आवाज खणखणीत, शब्द मोजून. देवावर जीव होता आणि देवाच्या घरातल्या पुरुषांशी भांडण होतं; दोन्ही एकाच जिवात, वर्षानुवर्षं, सुखाने नांदत होतं. म्हणजे सुखाने नव्हे, पण नांदत होतं. मंडळातल्या बायका म्हणत, "तू तिथं जातेसच का गं? तुला वेदीची पायरी चढू देतात ती पुसायला!" चर्चमधल्या बायका म्हणत, "आल्या आमच्या बिशपबाई!" दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशातली गत. बाई दोन्हीकडे हसत आणि दोन्हीकडे पुढच्या वेळी वेळेवर हजर राहत.

त्यांची एक मोठी कमाई होती. दर तीन वर्षांनी एका रविवारी दुसऱ्या वाचनात तो उतारा येतो, बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं असं सांगणारा. वाचनाच्या जाड ग्रंथात त्याच्या सुरुवातीच्या भागाला कंस घातलेला आहे. कंसातलं सोडून वाचलं तरी चालतं, तशी छापील मुभा आहे. नऊ वर्षांपूर्वी बाई फादरांकडे गेल्या होत्या.

"कंसातलं मी वाचणार नाही, फादर."

"शास्त्राला कात्री लावतेस?"

"मी कुठे? छापणाऱ्यांनीच मापं काढून ठेवलीत. मी फक्त बेतते."

फादर म्हातारे होते, हसले. "बेत बाई. माझं प्रवचन तरी पूर्ण राहू दे."

फादरांचं प्रवचन हा त्या चर्चचा खरा ठेवा. साधं बोलता बोलता एखाद्या शब्दावर त्यांचा आवाज जरासा रेंगाळायचा, मग चढायचा, आणि पाहता पाहता सगळं प्रवचन गाण्यावर जायचं. चाल आधी ठरलेली नसायची. बायबलच्या गोष्टीतल्या स्त्रीचं हरवलेलं नाणं ते असं गायचे की लोक बाकाखाली वाकून बघतील की काय असं वाटे. बाई एरवी कशाला न पाघळणाऱ्या, पण त्या चालीला डोळे पुसत. भावाने किती वेळा टोमणा मारला होता, "ताई, देव नसता तरी तू फादरांच्या सुरासाठी चर्चला गेली असतीस."

"देव नसता तर सूर कुठून आला असता, शहाण्या?"

तर यंदा तो तीन वर्षांनी येणारा रविवार नेमका त्या गुरुवारनंतरचाच होता.

शुक्रवारी बाईंनी बेचाळीस फोटो काढले. शनिवारी सुट्टी, खोली झाडली, अंडी उकडली, एक खाल्लं. जपमाळ घेऊन बसल्या तर दहा मण्यांच्या दुसऱ्या दशकात आहोत की चौथ्या ते कळेना, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. भावाला फोन करावा असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा तो परत टेबलावर ठेवला. राग येईल म्हणून त्या वाट पाहत बसल्या, जशी एखाद्या पाहुण्याची पाहावी. आला नाही.

रविवारी वेदीमागच्या खोलीत त्या ग्रंथाची रेशमी फीत नीट लावत होत्या, तेवढ्यात भाऊ आला. इस्त्रीचा सदरा, अंगाला साबणाचा वास.

"ताई, या वेळी पूर्ण वाच."

"का?"

"का म्हणजे? नऊ वर्षं आमच्या बाजूचं तेवढं गाळतेस. लोक हसतात मला. म्हणतात, बहीण घरात पण कंस घालते का?" तो हसला. मग हळूच म्हणाला, "घरी पण हल्ली कुणी ऐकत नाही. चार शब्द कानावर पडले तर बिघडलं कुठे?"

बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. लांब बोटं, स्वच्छ नखं. या हातांना काहीही लागलेलं नव्हतं.

"बघते," त्या म्हणाल्या.

आणि बघितलं काहीच नाही, हे खरं. वाचनपीठाशी उभ्या राहिल्या, फीत बाजूला केली आणि वरच्या ओळीपासून वाचू लागल्या. भावाचं ऐकावं म्हणून नव्हे. न ऐकावं म्हणूनही नव्हे. कंस कुठे सुरू होतो ते बघून त्याला ओलांडायला जेवढी मनाची शक्ती लागते, तेवढी त्या दिवशी त्यांच्यापाशी नव्हती. पाय फुटल्यासारखा आवाज आपणहून चालू लागला.

कंसातलं पहिलंच वाक्य वाचलं आणि त्या थांबल्या.

ते वाक्य बायकांसाठी नव्हतं. ते सगळ्यांसाठी होतं. एकमेकांच्या आज्ञेत राहा, असं. तो तिच्यापुढे, ती त्याच्यापुढे, दोघं एकमेकांपुढे. बायकांचं पुढे येत होतं, पण येत होतं ते या वाक्याच्या दारातून. आणि नऊ वर्षं, तीनदा, बाईंनी दारासकट भिंत पाडली होती. या बाकांवरच्या एकाही नवऱ्याने हे वाक्य ऐकलंच नव्हतं, कारण बाईंनी ते ऐकू दिलं नव्हतं. भावाच्या लग्नातही त्यांनी हाच उतारा वाचला होता. बेतून. गोड तेवढा.

वाटलं होतं, वाचलं नाही म्हणजे घरात शिरणार नाही. ते मागच्या दाराने शिरून बसलेलं होतं.

हे ध्यानात आलं तरी छातीत काही हललं नाही. दुसऱ्याच कुणाचा फोटो स्क्रीनवर पाहावा तसं त्यांनी ते पाहिलं. चीर इथे आहे. मग उरलेलं वाचलं, सगळं, बायकांचं आणि नवऱ्यांचं, एकाच आवाजात. ऑर्गनच्या मागे भाऊ मान डोलावत होता.

वाचन संपलं की वाचणाऱ्याने म्हणायचं असतं, हा प्रभूचा शब्द आहे. मग लोक देवाचे आभार मानतात, आणि ऑर्गन सुरू होतो. बाई ते म्हणेनात. लोक वाट पाहू लागले. कुणी खोकलं. फादरांनी चष्म्यावरून पाहिलं. भावाने बोटं पट्ट्यांवर टेकवून ठेवली होती.

बाईंनी बोट परत वर नेलं आणि तेच पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. हळू. ग्रंथात न बघता, तिसऱ्या बाकाकडे बघत, जिथे भावजय प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. मग ऑर्गनकडे बघत तिसऱ्यांदा वाचलं.

"हा प्रभूचा शब्द आहे," त्या म्हणाल्या, आणि खाली आल्या. नेहमीची जागा ऑर्गनजवळ, पानं उलटून द्यायला. तिथे गेल्या नाहीत. भावजयीशेजारी बसल्या.

फादर प्रवचनाला उठले. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला, काहीतरी बोलू लागले, आणि एका शब्दावर त्यांचा आवाज रेंगाळला, चढला. लोक पुढे सरकून बसले. मागे कुणीतरी हुंदका दिला. बाईंना फक्त भावजयीचं प्लास्टर बाकाच्या कडेला लागून होणारा टक टक आवाज ऐकू येत होता.

मग शांती देण्याची वेळ आली. सगळे वळून एकमेकांचे हात हातात घेतात ती वेळ. भाऊ ऑर्गनवरून उठून आला. आधी बहिणीकडे, मानाने.

"शांती असो, ताई."

त्याचा हात पुढे होता. बाईंनी आपले हात मांडीवरून उचलले नाहीत. उभ्या आयुष्यात कुणाचा हात त्यांनी या वेळी नाकारला नव्हता, दवाखान्यात थुंकून गेलेल्या दारुड्याचाही नाही.

"आधी डॉक्टरला खरं सांग," त्या म्हणाल्या. "मग हात दे."

"काय खरं?"

"मी फोटो काढलाय रे."

त्याचा हात तसाच पुढे राहिला. शेजारच्या बाकावरच्या आजींना वाटलं तो आपल्यासाठीच आहे. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन चांगला हलवला. "शांती हो बाळा, शांती!"

कम्युनियनचा प्रसाद घ्यायला बाई उठल्या नाहीत. चार दिवस तोंड मिटून बसलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने जायचं? आधी पापनिवेदन, मग ते. भावजय एकटी गेली. एक हात गळ्यात, दुसरा नुसताच. फादरांनी तिच्या जिभेवर प्रसाद ठेवला.

बाहेर पायऱ्यांवर भाऊ वाट पाहत होता. "चल," तो बायकोला म्हणाला. मग बाईंना, खालच्या आवाजात, "ताई, एकदाच झालं. माझी शपथ. घरातलं घरात राहू दे ना. तू मला वाढवलंस."

"वाढवलं," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

त्या भावजयीकडे वळल्या. "माझ्याकडे दुसरी खाट आहे. उद्या तुला परत डॉक्टरकडे यायचंय की नाही, ते तू ठरव. मी सोबत असेन. बोलणार मात्र नाही."

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. चर्चच्या पायऱ्या बघत उभी राहिली, जणू मोजतच होती. मग बाईंच्या बाजूने उतरली.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी पाकीट उघडलं, फिल्म उजेडाला धरली. "जिन्यावरून पडलात ना?"

बाई दाराशी उभ्या होत्या, एप्रन अंगावर. बाहेर रांग लागली होती. जीभ टाळूला चिकटली होती आणि तशीच त्यांनी ती राहू दिली.

"आमच्या घराला जिना नाही, डॉक्टर," भावजय म्हणाली. "तीन पायऱ्या आहेत. मी पडले नाही."

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. जुन्या शब्दावर आडवी रेघ मारली. "सांगा."

बाई आपल्या खोलीत परत गेल्या. "पुढची!" दिवसभरात अडतीस फोटो झाले. मध्ये एकदा वाटलं रडू येईल. नाही आलं. भावाचा फोन तीनदा वाजला, त्यांनी पाहिला, वाजू दिला.

संध्याकाळी घरी आल्या तर भावजयीने एका हाताने चहा केला होता, निम्मा ओट्यावर सांडलेला. बाईंनी फडकं घेतलं. पुसता पुसता म्हणाल्या, "काल फादर काय गायले गं? सगळे रडत होते. मला एक शब्द आठवत नाही."

"तुम्ही शेजारीच तर होतात, ताई."

"होते. ऐकू आलं नाही."

भावजयीने कप खाली ठेवला. शब्द तिलाही नीट आठवत नव्हते, पण चाल आठवत होती. तिने ती गुणगुणायला सुरुवात केली, जरा बेसूर, एके ठिकाणी अडली, मागे आली, पुन्हा धरली. बाई फडकं हातात धरून ओट्याशी उभ्या राहिल्या. चाल चढली तिथे त्यांच्या मानेवर बारीक काटा आला. तेवढंच.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.