मावशीची शिफारस

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला सगळे ‘वहीवाली’ म्हणायचे. रोज दुपारी ती खांबाला टेकून उभी राहायची आणि कोण मटणाचं ताट उचलतं, कोण कडधान्यांचं, याच्या रेघा वहीत ओढायची. पर्यावरणाला कमी भार होईल असं जेवण माणसं आपणहून निवडतील का, हा तिच्या पीएचडीचा विषय.

आधी तिने कडधान्यांपुढे ‘पर्यावरणस्नेही’ अशी हिरवी पाटी लावली. होतं तेही गिऱ्हाईक पळालं. “आजाऱ्याचं जेवण दिसतंय,” म्हणत एक फिटर पुढे सरकला. मग तिने पाटी काढून ते ताट रांगेत पहिलं मांडलं. चौथ्या आठवड्यात रेघा दुप्पट झाल्या, सहाव्यात तिप्पट. तिला आभाळ ठेंगणं झालं.

मुलाखतीला तिने त्याच फिटरला गाठलं. “ताट समोरच दिसलं म्हणून घेतलंत ना?”

“छे हो! मावशी म्हणाल्या, पोरीची परीक्षा आहे, हे खपलं नाही तर बिचारी नापास होईल. म्हटलं, खाऊ चार घास.”

ती तडक आत गेली. वाढणाऱ्या मावशी डाव विसळत होत्या.

“मावशी, तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात?”

“सगळ्यांना कुठे? बॉयलरवाले ऐकतच नाहीत मेले.”

“अहो, माझ्या सहा आठवड्यांची माती केलीत!”

“माती कसली? तिप्पट खपलं की. तुला तेच हवं होतं ना?”

तिला रागही आला आणि रडूही. तिने तिथूनच पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते थंडपणे म्हणाले, “हे आकडे बाद. दुसरं कॅन्टीन शोधा.”

“पण सर, लोकांनी खाल्लं तर खरं!”

“तुमची दया येऊन खाल्लं. ते प्रबंधात कुठल्या रकान्यात घालणार?”

फोन बंद करून ती धपकन स्टुलावर बसली. मावशींनी उरलेलं कडधान्यांचं ताट तिच्यापुढे सरकवलं. “आधी जेव. सकाळपासून उपाशी उभी आहेस.”

रागारागाने तिने पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबली. दाणे कच्चट होते, मिठाचा पत्ता नव्हता. सहा आठवडे ती हे ताट मोजत होती, पण एकदाही चाखलं नव्हतं.

“हे रोज असंच असतं?” तिने विचारलं.

“असंच,” मावशी म्हणाल्या. “म्हणून तर मला एवढं बोलावं लागायचं.”