पाद्र्याच्या मचाणावरचा राजा

ज्योतीरामला राजा व्हायचं होतं. खराखुरा नव्हे, जत्रेच्या नाटकातला. पण हौस अशी दांडगी, की नांगर धरला तरी तोंडात राजाचेच संवाद. अडचण एवढीच, की देव त्याला आवाज द्यायला विसरला होता. त्यानं बैलाला हाक मारली, तर बैल वळून बघायचा, हा खरंच काही बोलला की आपल्यालाच भास झाला. मग गावानं त्याला पुस्तक देऊन पडद्याआड उभा केला, विसराळू नटांना वाक्यं पुरवायला. राजा दरसाल उद्धवराव. त्यांचा आवाज नदीपलीकडे जायचा, पाठांतर मात्र उंबऱ्याबाहेरही पडत नसे.

ज्योतीरामची बायको सोजराबाई दरवर्षी पुढे जाऊन बसायची आणि शेजारणीला सांगायची, "आमचं मालक हायती नाटकात." शेजारीण विचारायची, "कंचं?" मग सोजराबाई पदर नीट करत बसायची. हे ज्योतीरामला पडद्याच्या फटीतून दिसायचं आणि त्याचा जीव तुटायचा.

त्या साली गावाला नाटकासाठी चर्च मिळालं. गावच्याच, निघोज्याच्या शिवेवरचं, गोऱ्या सोल्जरांच्या काळातलं. सोल्जर गेले, मागोमाग पाद्री गेला, जाताना क्रूस आणि घंटा सोबत नेली. उरलं गळकं छप्पर आणि वटवाघळं. मिशनवाले म्हणाले, नीट दुरुस्त करा आणि गावकीला वापरा. सरपंच सोपानरावांनी श्रमदान पुकारलं. सगळा हिवाळा गाव गूळ घालून चुना मळत होतं. त्यातला निम्मा गूळ भिंतीपर्यंत पोचलाच नाही, पण भिंती झाल्या झकास.

घोडं अडलं ते मचाणापाशी. पाद्री ज्यावर चढून प्रवचन द्यायचा, तो उंच लाकडी कठडा आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचीच छत्री. पाखरं राखायला शेतात बांधतात तसा दिसतो म्हणून गाव त्याला मचाण म्हणायचं. आबाजी सुताराला त्याच्या फळ्या हव्या होत्या. तो त्याला लोंबकळला, लाथा घातल्या, पण एक खुंटी हलेना. शेवटी घाम पुसून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. शोभंला बरं हाय."

वेदीच्या चौथऱ्याचा रंगमंच झाला, पण बाजूला माणूस लपायला जागाच उरली नाही. सोपानराव म्हणाले, "ज्योतीराम, तू मचाणावर बस. म्होरं चादर बांधू." चर्चमधला चुना ओला, त्यामुळे तालमी सगळ्या मारुतीच्या देवळात झालेल्या. मचाणावर बसून बोललं तर काय होतं, हे कुणाला ठाऊक असणार? आणि पाद्र्याच्या लोकांनी ती छत्री शोभेला थोडीच बसवली होती? खालचा शब्द तिच्यावर आपटून शेवटच्या माणसाच्या कानात पडावा, म्हणून बसवली होती.

पिंपरीच्या कारखान्यात रातपाळीला जाणारी पोरं गावात बरीच, म्हणून नाटक दुपारी लागलं. चर्च गच्च भरलं. उद्धवराव मुकुट घालून आले, छाती काढली आणि थबकले. ज्योतीराम सवयीनं कुजबुजला, "प्रधानजी, या सिंहासनाची शपथ." कुजबूज कसली, भिंतींतून राजाच बोलला जणू. मागचे लोक उठून उभे राहिले. खुद्द ज्योतीराम दचकला, पण कामाला चुकला नाही. "तलवार उलटी धरलीया, उद्धवराव," हेही सगळ्यांना ऐकू गेलं. राणी झालेल्या आबाजीला "मिशीचा खुंट दिसतोय, पदर घे" म्हणाला, तेव्हा बाया लोळायच्या बाकी राहिल्या.

अंक संपताच उद्धवराव मचाणाखाली आले, लालबुंद होऊन. "ज्योत्या, आता एक अक्षर बोलायचं न्हाई. समदं पाठ हाय मला."

"बरं," ज्योतीराम म्हणाला.

दुसऱ्या अंकात राजाचं मोठं भाषण होतं, मेलेल्या मुलापुढचं. उद्धवराव गुडघे टेकून म्हणाले, "बाळा..." आणि पुढे कोरी पाटी. परत म्हणाले, "बाळा..." मेलेला मुलगासुद्धा एक डोळा उघडून बघायला लागला.

ज्योतीरामला क्षणभर फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतावा तसं. मग त्याला चादरीच्या फटीतून खाली गाव दिसलं, पाहुणेरावळ्यांसकट, स्वतःच्या हातांनी उभारलेल्या भिंतींमध्ये मान खाली घालून बसलेलं. उद्धवरावांनी मचाणाकडे बघून चक्क हात जोडले. "बोल की रं बाबा."

ज्योतीरामनं पुस्तक मिटलं आणि डोळेही मिटले. नांगरामागं इतकी वर्षं पुटपुटलेलं ते भाषण तो बोलला. उद्धवराव नुसते तोंड हलवत होते, तेही चुकीच्या जागी. पण हसलं कुणी नाही. म्हातारेकोतारे धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. सोजराबाई हुंदके देत शेजारणीला म्हणाली, "आमचं हायती." या खेपेला शेजारणीनं कंचं म्हणून विचारलं नाही.

नाटक संपलं तरी माणसं हलेनात. उद्धवरावांनी मचाणाजवळ जाऊन मुकुट पुढे केला. "ज्योतीराम, म्होरल्या साली राजा तू. पुस्तक मी धरतो."

ज्योतीराम धडपडत उतरला. मुकुट घातला, तो नाकापर्यंत आला. तरी चौथऱ्यावर उभा राहिला, छाती काढली आणि आयुष्यभर जपलेलं पहिलं वाक्य बोलला.

पुढ्यातच बसलेली सोजराबाई कानाला हात लावून म्हणाली, "अवं, काय म्हनताय?"

ज्योतीरामनं ते वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. बायकोनं पुन्हा मान हलवली. त्यानं मुकुट काढला, उद्धवरावांच्या डोक्यावर नीट सरळ बसवला आणि मचाणाची पायरी चढता चढता म्हणाला, "तुमीच ऱ्हावा राजा. निस्तं एक करा, म्होरल्या साली राजाला लई बोलायला आसंल आसं नाटक बघा."