किंकाळी खरी होती

मी एक जुने ठिणग्या उडवणारे यंत्र आहे, मित्रांनो. लोकांची घाबरगुंडी उडवावी, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. एका वेड्या शास्त्रज्ञावरच्या बोलपटासाठी स्टुडिओतल्या वायरमनने तांब्याची तार, काचेच्या नळ्या आणि एक जुना ट्रान्सफॉर्मर जोडून मला घडवले. तो मला पोटच्या पोरासारखे जपायचा.

कथेतला शास्त्रज्ञ माझ्या झटक्याने मुडद्यात प्राण फुंकत असे. मुडद्याचे काम एका थोराड, अबोल नटाकडे होते. सगळे त्याला पहिलवान म्हणत. त्याला चामड्याच्या पट्ट्यांनी टेबलाला बांधायचे, ठिणग्या हातभर वरून उडवायच्या आणि तो 'पुरे' म्हणाला की वायरमनने खटका बंद करायचा, असे ठरले होते.

चार दिवस झाले तरी दिग्दर्शकाला त्याचे ओरडणे पटेना. "बोकडसुद्धा याच्याहून बरं ओरडतं," तो म्हणाला. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने वायरमनकडून माझी ठिणग्या सोडणारी दांडी वीतभर खाली उतरवून घेतली. पहिलवानाला कोणी सांगितले नाही.

चित्रण सुरू झाले. ठिणगी थेट त्याच्या चेहऱ्यावर पडली.

"पुरे," तो म्हणाला. मग ओरडला.

वायरमनचा हात खटक्याकडे गेला.

"राहू दे," दिग्दर्शक म्हणाला. "आत्ता कुठे रंग भरतोय."

वायरमनने हात मागे घेतला.

पहिलवानाचा डावा डोळा गेला. बोलपट मात्र धो धो चालला. 'पुरे' हा शब्द कापून किंकाळी तेवढी ठेवली होती. माझी चित्रे भिंतीभिंतीवर झळकली.

एके दिवशी पहिलवानाची बायको स्टुडिओत आली. "साहेब, तेवढा आवाज काढून टाका. आमच्या घरामागेच थिएटर आहे. रोज तीन वेळा ऐकू येतो. हे कानांवर उशी दाबून बसतात."

"बाई, लोक त्या आवाजासाठीच तर येतात," दिग्दर्शक म्हणाला आणि तिच्या हातावर दोन पास ठेवले.

ती वायरमनकडे वळली. "दादा, तुम्ही तर शेजारीच होता."

"मला काही ऐकू आलं नाही, वहिनी," तो म्हणाला आणि माझ्या नळ्या पुसू लागला.

आता मी एका संग्रहालयात धूळ खात पडले आहे. माझ्या नळ्यांना तडे गेले आहेत. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, तार जळली तर नवी घालता येते, माणसाची तशी सोय नसते. तुमच्या हाताखाली एखादे यंत्र आले, तर दुसऱ्याच्या हुकमाआड लपू नका. आम्हाला आपणहून थांबता येत नाही. तुम्हाला येते.