भिंतीपलीकडे कोण झोपतं

मुकुलने दोन्ही हातांनी स्प्रेची बाटली धरली, एक डोळा बारीक केला आणि कॉरिडॉरमधल्या कढीपत्त्यावर पाणी मारलं.

"अंकल, यू पोलीस आह?" शेजारच्या मॅडम लिम दारातून म्हणाल्या.

"नो, नो. वॉटरिंग."

"टू हँड वॉटरिंग," मॅडम लिम म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. एरवी शनिवारी सकाळी त्यांचं दार उघडंच असतं.

मुकुल आत आला. नीलिमा टेबलाशी मटार सोलत होती.

"बाटली हलकी पडते," तो म्हणाला. "भरलेली वस्तू जवळजवळ डाळीच्या किलोच्या पाकिटाएवढी असते."

"मग डाळ घेऊन जा ह्यूस्टनला."

घरात तिला वस्तूच म्हणायचं असं ठरलं होतं. रात्रीच्या वेळी सापाला जनावर म्हणतात, तसं. ज्या देशात खेळण्यातलं हुबेहूब पिस्तूल घरात सापडलं तरी पोलीस चौकशीला येतात, तिथे खऱ्याचं नाव लिफ्टमध्येसुद्धा काढू नये, असं मुकुलचं मत होतं. सरावाला स्प्रेची बाटली त्यामुळेच.

मुकुल एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये होता. पण सिंगापुरात सेंगकांगपासून सेरंगूनपर्यंतच्या मराठी घरांत त्याची खरी ओळख वेगळीच होती. कुणाला बाबागाडी घ्यायची असो की एसी, लोक म्हणत, "मुकुलला विचार." तो सगळे रिव्ह्यू वाचायचा, आणि एक तारा दिलेले आधी वाचायचा. पाच तारे देणारी माणसं आनंदात असतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही नसतं, हा त्याचा सिद्धांत. पिस्तुलांच्या बाबतीत मात्र सिद्धांत अडला. ज्यांनी एक तारा द्यायला हवा होता, ती माणसं लिहायला उरलेली नसावीत. सगळीकडे पाचच तारे.

कंपनी सिंगापूरचं अकाउंट्स खातं बंद करत होती. खातं गेलं की इथे राहायचा पास गेला, पास गेला की सामान बांधायचं. पुण्यात पाठवलेल्या अर्जांना उत्तरं आली नव्हती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अकाउंटंट माणूस मिक्सरच्या जुन्या मॉडेलसारखा होतो, चालतो पण कुणी विचारत नाही. ह्यूस्टनला एक जागा रिकामी होती. हो की नाही, ते सोमवारी कळवायचं होतं.

तिथला साहेब डेल, मोठा मायाळू. त्याने व्हिडिओ कॉलवर शाळा सांगितली, दातांचा डॉक्टर सांगितला, आणि त्याच आवाजात बंदुकीचं दुकान सांगितलं. ही जागा रिकामी कशी झाली, असं मुकुलने सहज विचारलं.

"कार्ल फार चांगला माणूस होता," डेल म्हणाला. "त्याच्याकडे पॉइंट फोर्टी-फाइव्हचं पिस्तूल होतं."

"मग?"

"तेव्हा नेमकं गाडीत होतं," डेल म्हणाला, आणि शाळेच्या बसकडे वळला.

तेव्हापासून मुकुल कामाला लागला होता. पॉइंट फोर्टी-फाइव्हची गोळी जाड, झटका मोठा, आणि मावतात कमी. पॉइंट थ्री-एटी छोटं, खिशात बसतं, पण समोरचा थांबेलच याची खात्री लोक देत नाहीत. नऊ एमएम या दोन्हींच्या मधलं. मुकुलने टी-शर्टपासून विम्यापर्यंत सगळं आयुष्य मीडियम साइझमध्ये काढलं होतं. शिवाय त्याच्या व्हिसावर पिस्तूल जवळ ठेवायचं, तर आधी शिकारीचा परवाना काढावा लागतो म्हणे. मुकुल अंडंही खात नसे.

"हरणं मारायची?" नीलिमाने विचारलं होतं.

"मारायची नाहीत. मारायची परवानगी ठेवायची."

टेबलावर डेलने पाठवलेला ह्यूस्टनच्या घराचा नकाशा पसरलेला होता. नऊ वर्षांच्या इराने रंगीत कागदाचे पलंग कापून त्यावर ठेवले होते. आईबाबांचा निळा, तिचा जांभळा.

मुकुलने प्रबोधला फोन लावला. प्रबोध दोन वर्षांपूर्वी इथूनच तिकडे गेला होता, बायको प्रणिता आणि मुलगा रुचिर यांना घेऊन, मुकुलने निवडून दिलेला राइस कुकर बॅगेत घालून. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ होती.

"नऊ एमएम घे," प्रबोध म्हणाला. "डोकं लावू नकोस. झटका कमी, हातात बसतं, सरावाच्या गोळ्या कुठेही मिळतात."

"तू कधी वापरलंस?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"एकदा."

"चोर होता?"

"मागचं दार कुणीतरी ढकलत होतं. मी ओरडलो, कोण आहे. उत्तर नाही. अरे, कानात ती गाण्यांची बोंडकी घातलेली. रुचिर होता. किल्ली विसरला होता गाढव."

नीलिमाचे मटारातले हात थांबले. फोन स्पीकरवर होता.

"प्रबोध, लागलं नाही ना त्याला?" तिने विचारलं.

"नाही वहिनी. बुटाची नाडी सोडायला वाकला होता. गोळी भिंतीतून आरपार गेली. इथल्या भिंती म्हणजे प्लास्टरच्या फळ्या, दोन्ही बाजूंनी लावलेल्या. पलीकडे स्वयंपाकघर. कुकरमध्ये जाऊन थांबली."

"कुठल्या कुकरमध्ये?" मुकुल म्हणाला.

"तू दिलेल्या. चांगला निघाला. भात होत नाही आता, पण वॉर्मचा दिवा लागतो."

प्रबोधने हवापाणी विचारलं. ठेवताना म्हणाला, "प्रणिता त्या कुकरच्या ओट्याकडे बघत नाही अजून. रुचिर दारातून आत येताना स्वतःचं नाव सांगतो. एवढंच. बाकी इथे मजा आहे."

मुकुल नकाशाशी बसला. त्याने पट्टी घेतली. निळ्या पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत पट्टी ठेवली की तिचं दुसरं टोक जांभळ्या पलंगावर येत होतं. त्याने जांभळा पलंग खिडकीशी सरकवला. मग पुढच्या दाराची रेघ त्यावर आली. निळा पलंग फिरवला. मग मागच्या दाराची. नऊ एमएम, फोर्टी-फाइव्ह, थ्री-एटी. भिंतीच्या बाबतीत सगळ्यांचे रिव्ह्यू सारखेच होते.

"बाबा, माय बेड व्हाय ऑलवेज मूव्हिंग?" इरा खांद्यावरून डोकावत म्हणाली.

"ऊन येतं तिथे."

"इथे पण?"

"तिथे वारा येतो."

नीलिमाने मटाराची सालं गोळा केली. "इरा, चार कांदे आण गं शेल्टरमधून."

शेल्टर म्हणजे फ्लॅटमधली सरकारने बांधून दिलेली छोटी खोली. जाड काँक्रीट, पोलादी दार, बॉम्ब पडला तर आत बसायचं. आजवर आत कांदे, बॅगा आणि गणपतीचं मखर बसलं होतं. इराने दोन्ही हातांनी दार ओढलं.

"बाबा, तिकडे शेल्टर गॉट ऑर नॉट?" आतून आवाज आला.

"नाही."

"देन कांदे कुठे ठेवायचे?"

मुकुलच्या हातात जांभळा पलंग होता. त्याने तो नकाशावर कुठेच ठेवला नाही. नीलिमा त्याच्याकडे बघत होती.

"माझी आई कोथरूडला एकटीच असते," ती म्हणाली. "खोली आहे. इराला तिकडची शाळा मिळेल."

"वर्ष-दोन वर्षं," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात."

"हो."

सोमवारी त्याने डेलला हो कळवलं. कुटुंब येणार नाही, हेही कळवलं. डेलने लगेच लिहिलं की वाईट वाटलं, मग छोटं अपार्टमेंट बघू, आणि दुकानाची लिंक पुन्हा जोडली.

संध्याकाळी मुकुल लॅपटॉपवर रिव्ह्यू वाचत होता. नीलिमा मागे येऊन उभी राहिली.

"ठरली का वस्तू?"

"वस्तू नाही घेत. एकट्याला काय करायची?" त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. "कुकर बघतोय. एका माणसाचा मिळतो."

"बरा आहे?"

"एक तारा कुणीच दिलेला नाही," मुकुल म्हणाला. त्याला ते आवडलेलं दिसत नव्हतं.

तो बॅग काढायला उठला. शेल्टरच्या दारावर इराने जांभळा पलंग चुंबकाने लावून ठेवला होता. कांद्यांची टोपली बाजूला करून त्याने एकच बॅग ओढली, टोपली पुन्हा जागेवर ठेवली आणि पलंगाला हात लागणार नाही अशा बेताने दार लोटलं. ते जड होतं. बंद व्हायला वेळ लागला.