चिकटलेले दोन गेज

यतीन कारखानीस हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि ते मी लपवलंही नाही. फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात मराठी असे आम्ही दोघंच. तो मॅनेजर, मी मापांच्या खोलीत. "अलकनंदा, इतक्या लांब आपणच एकमेकांचे, यार," असं गोड बोलायचा आणि माझ्या कामाचं श्रेय एकटा लाटायचा.

सत्त्याण्णव साल. नव्या गाड्यांच्या सुट्या भागांची ऑर्डर आली, तसे मालकांनी परदेशातून स्लिप गेज मागवले. हे मापाचे पोलादी ठोकळे. घरातली दोन भांडी एकमेकांना टेकलेली दिसतात, पण खरी टेकतात ती चार बारीक उंचवट्यांवर. बाकी मध्ये हवा नि धूळ. गेज मात्र इतके सपाट, की एकावर एक घासून बसवले की दोन्हीकडचे अणू एकमेकांना ओढून धरतात. गोंद नाही, लोहचुंबक नाही, तरी घट्ट. म्हणून काम झालं की ते लगेच सरकवून वेगळे करायचे आणि तेल लावून ठेवायचे. तसेच राहिले तर पोलाद पोलादाला सोडत नाही. हात लावायचा तोही हातमोजे घालूनच.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला. सलग सुट्टीनंतर सोमवारी मी कुलूप उघडलं, तर दोन गेज जोडलेलेच. सरकवून पाहिले, हलेनात. त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की व्हायची होती.

यतीनने मला मालकांसमोर उभं केलं. "सर, गुरुवार को ताला इसी ने लगाया था. ऐसे लोगों को पक्का मत कीजिए."

दुसरी किल्ली त्याच्याकडे असते, हे तो सोयीस्कर विसरला. सुट्टीच्या दिवशी तो मेव्हण्याला कारखाना दाखवायला घेऊन आला होता, हे वॉचमनने मला सकाळीच सांगितलं होतं. गोंदाशिवाय चिकटणारे ठोकळे दाखवून पाहुण्यांवर छाप पाडायची त्याला भारी हौस.

मला संताप आला होता, पण मी आवाज चढवला नाही. हातमोजे घातले आणि ती जोडी मालकांच्या टेबलावरच्या दिव्याखाली धरली. दमट हवेत घामाने आपलं काम चोख केलं होतं. पोलादावर तांबूस गंजाचा अंगठा उमटला होता, रेषान्‌रेषा, आणि मधोमध आडवी कापल्याची खूण.

"यतीन, अपना हाथ दिखाओ," मालक म्हणाले.

विळीवर कापलेला त्याचा अंगठा सगळ्या कारखान्याला ठाऊक होता. त्याने मूठ मिटून घेतली.

मालकांनी त्याच्याकडची किल्ली मागून घेतली आणि मला म्हणाले, "आप काम पर जाइए. आपकी नौकरी पक्की."

यतीन माझ्या मागोमाग बाहेर आला. "चलो, झालं गेलं विसरून जा. शेवटी आपण आपली माणसं." त्याने हात पुढे केला. तळव्याला घाम सुटला होता.

मी खिशात कोंबलेले हातमोजे काढून पुन्हा घातले, बोटं नीट बसवली, आणि मग त्याच्याशी हात मिळवला.